लेट नाही

वेंगुर्ल्याच्या कॅम्पात, बंद पडलेल्या बर्फाच्या फॅक्टरीमागे
चिऱ्याची माती चाळून केलेलं एक कोर्ट आहे.
रेषा चुन्याच्या. जाळं
इनास फर्नांडिसच्या जुन्या रापणीतलं,
उन्हात तापलं की अजून त्याला बांगड्याचा वास येतो.

तिथले नियम मी लिहिले. म्हणजे
फळा माझा, खडू शाळेचा,
भांडणं सगळ्यांची.

साडेपाचला या.
पाच पस्तीसला आलात तर एक गेम गेला.
वाऱ्यामुळे होडी उशिरा लागली
हे कारण फक्त विठू तांडेलाला चालेल,
तेही पायाला ओली वाळू असेल तर.

जोडीदार घरून आणायचा नाही.
करवंटीत चिठ्ठ्या आहेत. निघेल तो आपला,
वीस मिनिटं.
मग सायकलची घंटा वाजेल,
हातातली रॅली पुरी करायची आणि पुन्हा करवंटी.
(बायको निघाली तर चिठ्ठी परत टाकता येणार नाही.
हा नियम नाबर डॉक्टरीणबाईंच्या यजमानांसाठी.)

सेट चार गेमचा.
सहापर्यंत न्यायला काळोख थांबत नाही.
शून्याला लव्ह म्हणायचं नाही,
भोपळा म्हणायचं. पोरं हसतात ते बंद होईल.

चाळीस-चाळीस झालं की एकच पॉइंट.
ॲडव्हान्टेज नावाची गोष्ट आमच्याकडे नाही.
बँकेतली लतिफा मुजावर म्हणाली,
आमच्याकडे तरी कुठे आहे?

आणि सर्व्हिस जाळ्याला घासून पलीकडे पडली
तर लेट नाही.
खेळ चालूच असा, मेल्या, धाव!

हरलेल्या जोडीने कोर्टाला पाणी मारायचं.
एकाने विहिरीतून ओढायचं, दुसऱ्याने शिंपडायचं.
इथवर फळा भरला.

गेल्या गुरुवारी करवंटीतून
गिरप मास्तर निघाले, आणि त्यांच्यामागून
बस्त्याव डिसोजा.

कुणी बोललं नाही. इनासने घंटा उगाच पुसली.
हद्दीवरच्या एका माडासाठी
अकरा वर्षं हे दोघे ओरोसच्या कोर्टात
समोरासमोर उभे राहतात;
या कोर्टात पहिल्यांदाच
जाळ्याच्या एकाच बाजूला.

फेरचिठ्ठी काढूया, डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.
लतिफाने नुसतं फळ्याकडे बोट केलं.

पहिला बॉल बरोब्बर मधोमध आला.
माझो! माझो!
रॅकेटवर रॅकेट आपटली, बॉल कुंपणाला.
दुसरा मधोमध आला, तेव्हा दोघेही गप्प.
बॉल दोघांमध्ये टप्पा घेऊन
सभ्यपणे निघून गेला.

तिसरा उंच होता. माडाएवढा म्हणू नये, पण होता.
मास्तर मागे सरकत, डोळ्यांवर ऊन घेत
ओरडले,
तुझो!

एवढंच. बॉलबद्दल.
बस्त्यावने मारला तो रेषेवर पडला,
चुना उडाला,
आणि विठू तांडेल विनाकारण खोकला.

पुढे काही जिंकले नाहीत ते.
तीन-तीन, चाळीस-चाळीस, लतिफाची सर्व्हिस
जाळ्याला घासली, जरा थांबली,
आणि त्यांच्या बाजूला टपकली.
दोघेही एका आवाजात: लेट!
सगळं कोर्ट: लेट नाही!

मग ते पाणी मारायला गेले.
काळोख होता. रहाट करकरत होता,
कोण ओढत होतं ते मला दिसलं नाही
आणि मी बघायलाही गेलो नाही.
मातीचा वास मात्र आला.

सोमवारी ओरोसला तारीख आहे.
दोघेही जाणार. केस मागे वगैरे
कुणी घेतलेली नाही, माड तिथेच आहे,
नारळ कोण पाडणार तेही तसंच.
एसटी एकच, सकाळी सहा-दहाची.
तिला आमचे नियम लागू नाहीत.
ती लेट असते.
स्टँडवर बाक एकच आहे.